ज्याची कडी त्याच्या अंगी



वसंत ऋतूतील व्याख्याने म्हटली की संतवाङ्मय, इतिहास, शेती, फार तर आरोग्य, असे विषय आपल्या परिचयाचे असतात. आजच्या विषयाचे नाव मात्र थोडे अवघड आहे. संगणकाचा जो अगदी आतला कारभार चालतो, त्यात वस्तू रांगेने कशा बांधून ठेवतात, हा आजचा विषय. त्यातही 'इन्ट्रुसिव्ह लिंक्ड लिस्ट' या एका विशिष्ट रीतीविषयी आम्ही बोलणार आहोत. नावाने घाबरून जाण्याचे कारण नाही. ज्याने कापसाच्या रांगेत एक रात्र काढली आहे, त्याला या विषयाचा निम्मा भाग आधीच ठाऊक आहे. आणि ज्याच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे, त्याला उरलेला भाग ठाऊक असणे हिताचे आहे. कारण ही साखळी त्याच्या खिशात या क्षणीही चालू आहे.

महाराष्ट्रात १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. त्या दिवसांत खरेदी केंद्रांपुढे लागणाऱ्या बंड्यांच्या रांगा येथील वडीलधाऱ्यांना आठवत असतील. आज बंड्यांच्या जागी ट्रॅक्टर व टेम्पो आले, पण रांग ती रांगच. आता ही रांग राखण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग चिठ्ठीचा. दाराशी एक कारकून बसतो, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी देतो आणि आपल्या वहीत क्रम लिहितो. रांग खरी असते ती वहीत; बंडी कोठेही उभी असली तरी चालते. दुसरा मार्ग त्याहून जुना. कोणी वही ठेवीत नाही. प्रत्येक गाडीवान एवढेच ध्यानात ठेवतो की, आपल्या पुढे कोण आणि आपल्या मागे कोण. साऱ्या रांगेची यादी कोणाजवळच नसते, तरी रांग मोडत नाही. पहिल्याला विचारले की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे, आणि असे करीत आपण शेवटापर्यंत पोचतो.

संगणकाच्या स्मृतीत, जिला सारे जण मेमरी म्हणतात, हेच दोन मार्ग आहेत. मेमरी म्हणजे क्रमांक घातलेल्या घरांची एक लांबच लांब आळी, असे समजावे. कोणतीही नोंद या आळीत कोठे तरी राहते आणि तिच्या घराचा क्रमांक हा तिचा पत्ता. एका नोंदीजवळ पुढच्या नोंदीचा पत्ता लिहून ठेवला की कडी झाली, आणि कड्यांची साखळी झाली. ही कल्पना न्यूएल, शॉ व सायमन या तीन अमेरिकन संशोधकांनी १९५५-५६ च्या सुमारास पुढे आणली. यंत्राकडून तर्कशास्त्रातील सिद्धता करून घेण्याच्या खटपटीत त्यांना तिची गरज पडली होती. तेव्हापासून साखळी संगणकविद्येत मुरून गेली आहे.

आता प्रश्न असा की, कडी ठेवायची कोठे? सामान्य रीतीत कडी ही वेगळी वस्तू असते. तिच्यात दोन पत्ते असतात, एक पुढच्या कडीचा आणि एक ज्या नोंदीसाठी ती आहे त्या नोंदीचा. ही झाली कारकुनाची चिठ्ठी. आपण ज्या रीतीविषयी बोलत आहोत, तिच्यात कडी नोंदीच्या पोटातच असते. नोंद तयार करतानाच तिच्यात पुढच्याचा व मागच्याचा पत्ता लिहिण्याची जागा राखून ठेवलेली असते. इंग्रजीत या कडीला 'इन्ट्रुसिव्ह', म्हणजे घुसखोर, असे नाव पडले. आम्हांला हे नाव थोडे अन्यायाचे वाटते. दुसऱ्याच्या घरात राहते हे खरे, पण ती पोटभाडेकरू आहे, चोर नाही. आणि घराचा मोठा उपयोगही तीच करते. आपण तिला 'अंगची कडी' म्हणू.

हा भेद वरवर क्षुल्लक वाटतो. तो क्षुल्लक नाही, हे पाहण्यासाठी यंत्राच्या गाभ्यात उतरावे लागेल. संगणकात सर्वांत आत जो कार्यक्रम चालतो, त्याला कर्नल म्हणतात. हा लष्करातला कर्नल नव्हे. कर्नल म्हणजे गर, बी. कापसाच्या पोटात सरकी असते, तसा यंत्राच्या साऱ्या व्यवहाराच्या पोटात हा असतो. कोणाला काम करू द्यायचे, कोणाला थांबवायचे, कोणाला किती मेमरी द्यायची, हे सारे तोच ठरवतो. असा गाभ्याचा कारभार लिहिण्याच्या विद्येला सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग म्हणतात.

आता कारकुनाची चिठ्ठी घेऊन या गाभ्यात जाऊन पाहा. प्रत्येक चिठ्ठीला थोडी मेमरी लागते. बाहेरच्या कार्यक्रमाला मेमरी हवी असली तर तो कर्नलकडे मागतो. पण स्वतः कर्नलने कोणाकडे मागावी? त्याच्यावर मालक नाही. समजा, मेमरी भरत आली आहे आणि काही जागा मोकळी करण्यासाठी एका नोंदीला 'काढून टाकायच्या' रांगेत उभे करायचे आहे. रांगेत उभे करण्यासाठी चिठ्ठी हवी, चिठ्ठीसाठी जागा हवी, आणि जागा तर नाही म्हणूनच हा सारा खटाटोप! चिठ्ठ्यांचे पुस्तक नेमके गर्दीच्या दिवशी संपावे, तसे हे होते. अंगच्या कडीला ही अडचण कधीच येत नाही. नोंद जन्मली तेव्हाच कडीची जागा तिच्याबरोबर जन्मली. रांगेत उभे राहण्यासाठी कोणाची परवानगी नको, कोणाचे दान नको. म्हणून रांगेत घालण्याचे काम 'नाही' असे उत्तर देऊच शकत नाही. गाभ्याच्या कारभारात ही फार मोठी निश्चिंती आहे.

दुसरा लाभ बाहेर पडतानाचा. वहीतली रांग असेल आणि मधल्याच एका बंडीला परत जायचे असेल, तर कारकुनाला वही उलटून तिचे नाव शोधावे लागते. रांग पाचशेची असली तर शोधही तसाच लांबतो. अंगच्या कडीत मात्र त्या गाडीवानाने पुढच्याला व मागच्याला हाक मारून 'आता तुम्ही एकमेकांचे' एवढे सांगितले की झाले. रांग पाच जणांची असो वा पाच लाखांची, श्रम तेवढेच. तिसरा लाभ वेगाचा. चिठ्ठी वाचायची आणि मग बंडी शोधायची, अशा दोन फेऱ्या पडत नाहीत; कडीपाशी पोचलो की नोंदीपाशी पोचलोच. सेकंदाला कोट्यवधी वेळा हे करायचे असते, तेव्हा वाचलेली एक फेरी लहान नसते.

श्रोतेहो, ही गोष्ट दूर परदेशातलीच आहे असे कोणी समजू नये. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळत नव्हता, म्हणून आपला आपण करावा, या हेतूने ती निघाली. डॉ. विजय भटकर तेव्हा तिचे प्रमुख होते. ते आपल्या शेजारच्याच अकोला जिल्ह्यातले, मुरंबा गावचे. १९९१ साली या संस्थेने 'परम ८०००' हा महासंगणक पुढे आणला. एकच प्रचंड यंत्र न करता पुष्कळ लहान यंत्रे एकमेकांना जोडून सर्वांकडून एकदम काम करून घेणे, ही त्यामागची युक्ती. ती लहान यंत्रे म्हणजे ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर.

या ट्रान्सप्युटरच्या पोटात आपला आजचा विषय अक्षरशः कोरलेला होता. एकाच ट्रान्सप्युटरवर अनेक कामे आळीपाळीने चालत. कोणाची पाळी कधी, याची रांग ठेवण्यासाठी एरवी वेगळा कार्यक्रम लिहावा लागतो. येथे ते काम यंत्रच करी. यंत्राजवळ दोनच गोष्टी असत, रांगेतल्या पहिल्याचा पत्ता आणि शेवटच्याचा पत्ता. मधली रांग कोठे होती? प्रत्येक कामाला मेमरीत स्वतःची एक जागा असे, आणि त्या जागेच्या आरंभापासून दोन घरे मागे, पुढच्या कामाचा पत्ता लिहिलेला असे. त्याच्याही मागे दोन घरांवर आणखी एक दुवा असे, तो घड्याळाकडे पाहत थांबलेल्या कामांच्या रांगेसाठी. म्हणजे एकाच कामाच्या अंगावर दोन कड्या, एक पाळीच्या रांगेची व एक वेळेच्या रांगेची. कारकून नाही, वही नाही, चिठ्ठी नाही. परमचा गौरव करताना आपण त्याच्या वेगाचे आकडे सांगतो. तो वेग अशा लहान लहान काटकसरींवर उभा होता, हेही सांगितले पाहिजे.

एका अंगावर अनेक कड्या, हा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स नावाची व्यवस्था जन्मली. तिची सहावी आवृत्ती १९७५ ची. तीत डिस्कवरून आणलेला मजकूर ठेवण्याच्या पेट्या असत, आणि प्रत्येक पेटीच्या अंगी कड्यांच्या दोन जोड्या असत. एका जोडीने ती पेटी 'अमुक डिस्कच्या पेट्या' या साखळीत असे, आणि कोणी वापरीत नसेल तेव्हा दुसऱ्या जोडीने 'मोकळ्या पेट्या' या साखळीतही असे. माणसाचे तरी निराळे काय आहे? एकच मनुष्य भावकीत असतो, दिंडीत असतो आणि भिशीतही असतो. त्यासाठी त्याच्या तीन प्रती काढाव्या लागत नाहीत. १९९१ साली, म्हणजे परमच्याच वर्षी, फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स सुरू केले. अँड्रॉइड फोनचा गाभा हाच. लिनक्समध्ये चालू असलेल्या प्रत्येक कामाची एक नोंद असते. तिच्या अंगी सर्व कामांच्या साखळीची कडी असते, आपल्या मुलांच्या साखळीचा आरंभ असतो, आणि आपल्या भावंडांशी जोडणारी कडी असते. या जागांची नावेही 'चिल्ड्रेन' आणि 'सिब्लिंग' अशीच आहेत. वंशावळ भाटाच्या पोथीत नाही, ती ज्याच्या त्याच्या अंगी आहे.

येथे कोणी चाणाक्ष श्रोता विचारील की, कडीतून कडीकडे गेलो हे खरे, पण हाती आली ती कडी; आम्हांला तर नोंद हवी होती. शंका रास्त आहे. तिचे उत्तर मिळण्यासाठी बुलढाण्याहून मलकापूर किंवा नांदुऱ्यास जावे, कारण आपल्या गावी रेल्वे नाही. फलाटावर उभे राहून गाडीचे डबे पाहावे. डब्याला जोडणारी कपलिंग ही डब्याच्याच अंगी असते. डबे जोडण्यासाठी निराळी गाडी आणीत नाहीत. जलंबहून खामगावला जाणारा फाटा १८७० साली कापसासाठी पडला, तेव्हापासून आपल्या जिल्ह्याने ही अंगची कडी पाहिली आहे. आता अंधारात कपलिंगवर हात ठेवून उभ्या असलेल्या माणसाला डब्याचे दार सापडते ते कसे? डब्याच्या टोकापासून दार किती पावलांवर, हे त्याला ठाऊक असते. लिनक्समध्ये हेच करतात. नोंद ४००० क्रमांकाच्या घरापासून सुरू होते आणि कडी ४८ घरे पुढे आहे असे धरा. कडीचा पत्ता झाला ४०४८. त्यातून ४८ वजा केले की नोंदीचे उंबरठे लागले. 'कंटेनर-ऑफ' नावाचे एक छोटे सूत्र आहे, ते हीच वजाबाकी करते.

वजाबाकी सोपी, पण तिच्यात एक मेख आहे. आपण कोणत्या जातीच्या नोंदीत आहोत हे ठाऊक पाहिजे. जुना निळा डबा व नवा लाल डबा यांची लांबी सारखी नाही. निळ्याची पावले लाल डब्याला लावली तर हात दारावर न पडता पत्र्यावर पडेल. पत्रा बोलत नाही, आणि मेमरीही बोलत नाही. चुकीच्या घरात शिरलेला कार्यक्रम तेथे जे सापडेल तेच खरे धरून पुढे चालतो.

येथून आपण या रीतीच्या दोषांकडे आलो. सर्वांत मोठा दोष तिच्या गुणाच्याच पोटातला आहे. वही असती तर गेलेल्याचे नाव कारकुनाने खोडले असते. येथे वही नाही. म्हणून जाणाऱ्याने पुढच्याला व मागच्याला सांगूनच गेले पाहिजे. न सांगता एखादा गाडीवान निघून गेला, तर मागचा अजूनही त्याच्या जागेकडेच बोट दाखवीत राहतो. त्या जागी मग कोणी परका येऊन उभा राहिला तर? विचारणारा त्याच परक्याला गाडीवान समजेल आणि तो सांगेल तिकडे जाईल.

ही नुसती कल्पना नव्हे. अँड्रॉइडमध्ये 'बाइंडर' नावाचा भाग आहे. फोनमधील निरनिराळे कार्यक्रम एकमेकांशी बोलतात ते त्याच्यामार्फत. त्यातील एका नोंदीच्या पोटात थांबलेल्यांच्या रांगेचे मूळ, म्हणजे जणू रांगेची खिडकी, ठेवलेली होती. 'मी चाललो' असे सांगून ती नोंद जाई, तिची जागा मोकळी होई. परंतु त्या खिडकीशी थांबलेल्याला कोणी उठवीतच नसे. पुढे तो थांबलेला स्वतः उठू लागला की रीतीप्रमाणे मागच्यापुढच्याचे पत्ते दुरुस्त करी, आणि ते लिहिणे पडे मोकळ्या झालेल्या, कदाचित दुसऱ्याला दिलेल्या जागेत. आपल्या हाताचे काही तेथे आधीच मांडून ठेवणाऱ्या ठकाला एवढी फट पुरे होती; तिच्यातून साऱ्या फोनचा ताबा घेता येत असे. हा दोष २०१७ च्या नोव्हेंबरात यांत्रिक तपासणीत सापडला आणि २०१८ च्या फेब्रुवारीत मूळ लिनक्समध्ये दुरुस्तही झाला. पण ती दुरुस्ती अनेक फोनांपर्यंत पोचलीच नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात गूगलच्या संशोधकांनी जाहीर केले की, दोष शाबूत आहे आणि त्याचा प्रत्यक्ष गैरवापर होत असल्याची चिन्हे आहेत. त्यांनी दिलेल्या फोनांच्या यादीत गूगलचा महागडा पिक्सेल २ होता, तसा शाओमीचा स्वस्त रेडमी ५-ए देखील होता. एका कडीचा निरोप चुकला, आणि त्याची किंमत ज्याने साखळीचे नावही ऐकले नाही अशा माणसाच्या माथी आली.

मग उपाय काय? लिनक्समध्ये एक गमतीची युक्ती आहे. कडी साखळीतून काढली की तिच्या दोन्ही पत्त्यांच्या जागी मुद्दाम खोटे, निरुपयोगी पत्ते लिहितात. त्यांना नावच 'पॉयझन', म्हणजे विष, असे दिले आहे. पुढे कोणी चुकून त्या कडीचा हात धरला तर यंत्र मुकाट्याने भलतीकडे न जाता तेथेच अडखळते आणि बोंब मारते. चूक गुपचूप पचण्यापेक्षा ती ओरडून उघडी पडलेली बरी. दुसरी युक्ती तपासणीची. पुढच्याला विचारायचे, 'तुझ्या मागे मीच ना?' मागच्याला विचारायचे, 'तुझ्या पुढे मीच ना?' दोघांनी हो म्हटले तरच कडी काढायची. तिसरा मार्ग भाषेचा. लिनक्स मुख्यतः सी भाषेत लिहिलेले आहे, आणि सी भाषा प्रोग्रॅमरवर सारा विश्वास टाकते. २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या ६.१ या आवृत्तीपासून रस्ट या नव्या भाषेलाही तेथे जागा मिळाली. कोणती वस्तू कोणाच्या मालकीची आणि ती कधीपर्यंत जिवंत, हे रस्ट कार्यक्रम चालण्यापूर्वीच विचारते. मौज अशी की, अंगची कडी हीच या काटेकोर भाषेला सर्वांत जड जाणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे. कारण येथे प्रत्येकाचा पत्ता शेजाऱ्याच्या हाती असतो आणि एकटा मालक कोणीच नसतो. आपला पत्ता दुसऱ्याजवळ असताना घर बदलणेही चालत नाही.

आणखी एक मर्यादा सांगून ठेवतो. एक कडी एका वेळी एकाच साखळीत असू शकते. तीच कडी दोन साखळ्यांत ओवली तर दोन्ही साखळ्या बिघडतात. किती कड्या लागतील हे नोंद घडवतानाच ठरवावे लागते. म्हणून आयटीआय व तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या आमच्या तरुण मित्रांना आम्ही असे म्हणणार नाही की, सर्वत्र हीच रीत वापरा. दुकानाचा हिशेब किंवा शाळेची पटनोंदणी लिहायची असेल तर तयार मिळणारी, वेगळ्या कडीची साखळी पुष्कळ बरी. तेथे कारकून ठेवणे परवडते आणि तो चुकाही झाकून घेतो. जेथे मागायला कोणी दुसरा नाही, जेथे 'जागा नाही' हे उत्तर चालणार नाही, आणि जेथे एकच वस्तू अनेक नात्यांत असते, तेथे मात्र अंगच्या कडीवाचून गत्यंतर नाही.

सारांश असा. कडी दुसऱ्याच्या वहीत ठेवली की परावलंबन येते, पण जाणे सोपे होते. वही सांभाळणारा मागचे निस्तरतो. कडी आपल्या अंगी घेतली की स्वातंत्र्य येते, वेग येतो, आणि त्यांच्याबरोबर एक कर्तव्यही येते: जाताना मागच्यापुढच्यांची गाठ घालून देण्याचे. हे कर्तव्य यंत्राला उपजत कळत नाही. ते लिहिणाऱ्याने लिहावे लागते, तपासणाऱ्याने तपासावे लागते, आणि विकणाऱ्याने दुरुस्ती वेळेवर घरोघर पोचवावी लागते. २०१९ साली जे घडले त्यात पहिल्या दोघांनी आपापले काम अखेर केले होते. कसर राहिली ती तिसऱ्या ठिकाणी. तेव्हा फोनवर 'सुरक्षा अपडेट आले आहे' अशी सूचना दिसली तर ती कंटाळून बाजूला सारू नका. कोठे तरी एखादी सुटलेली कडी कोणी शोधून पुन्हा नीट जोडली आहे, आणि तो निरोप आपल्यापर्यंत आला आहे, एवढे ध्यानात घ्या.